घरगुती केशतेल, शिकेकाई व उटणे : बिघाडाची कारणे आणि उपाय

माका हे आपल्या शेतकऱ्यांस तण म्हणून परिचित आहे. पाटाच्या कडेला, भाताच्या बांधावर आणि विहिरीच्या पन्हळीजवळ ते आपोआप उगवते. त्याचा रस खोबरेल तेलात आटवून केसांसाठी तेल करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तीच गोष्ट शिकेकाईची व उटण्याची. या वस्तूंसाठी लागणारा बहुतेक माल शेतात, परसात किंवा जवळच्या रानात मिळतो आणि कृतीही घरोघर ठाऊक असते. असे असूनही तेल महिन्याभरात आंबूस येते, शिकेकाईच्या डब्यात गुठळ्या होतात, उटण्यात जाळी धरते, आणि मग "आमच्या हातालाच यश नाही" असे म्हणून भगिनी तो नाद सोडून देतात. वस्तुतः दोष हाताचा नसतो. या सर्व बिघाडांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आढळून येते, ती म्हणजे ओल. ओल कोठे दडते, ती कशी ओळखावी आणि कशी घालवावी एवढे नीट समजले, तर दहापैकी आठ तक्रारी घरच्या घरीच मिटतात.

एका गटाचा अनुभव

घाटमाथ्यावरील एका गावच्या महिला बचत गटाने दिवाळीच्या सुमारास माक्याचे तेल तयार केले. गटातील घरांना व नातलगांना ते वाटावे, सर्वांस पसंत पडल्यास पुढे रीतसर परवाना घेऊन विक्रीस काढावे, असा त्यांचा विचार होता. तेलाचा डबा गटाच्या गंगाजळीतून घेतला होता. साठ बाटल्या भरल्या. तेल हिरवट, सुवासिक व दिसण्यात उत्तम होते. तीन आठवडे लोटले आणि एकामागून एक बाटल्या परत येऊ लागल्या. कोणाच्या तेलाला आंबट वास, कोणाच्या बाटलीत तळाशी काळपट साका, तर एका बाटलीच्या गळ्याशी बुरशीचा पांढरा पापुद्रा. गटात साहजिकच कुरबूर सुरू झाली. कोणी माका चुकीच्या जागेवरून आणला म्हणे, कोणी तेलातच भेसळ असल्याचे सांगे. गंगाजळीतील पैसा तर गेलाच, शिवाय पुन्हा असा उद्योग करावा की नाही हाच प्रश्न उभा राहिला.

तपासणीसाठी पाच बाटल्या निवडून दुपारच्या उन्हात तीन तास ठेवल्या. थंडीमुळे गोठलेले तेल पातळ होऊन निवळले. त्यानंतर एकेक बाटली पांढऱ्या कागदासमोर धरून हलकेच कलती केली, तेव्हा पाचांपैकी चार बाटल्यांच्या तळाच्या कोपऱ्यात पाण्याचे बारीक वाटोळे थेंब घरंगळताना दिसले. पहाटेच्या थंडीत तेल गोठलेले असल्यामुळे हे थेंब इतके दिवस कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. पाणी आले कोठून याची विचारपूस करता दोन कारणे निघाली. पहिले असे की, तेल करपेल या भीतीने कढई वेळेआधीच उतरविली होती. दुसरे असे की, बाटल्या संध्याकाळी धुऊन सकाळी भरल्या होत्या. अरुंद गळ्याच्या बाटलीत एका रात्रीत पाणी सुकत नाही. माका निर्दोष होता आणि तेलही निर्भेळ होते.

तेल खवट होण्याचे दोन प्रकार

तेल बिघडले की आपण सरसकट "खवट झाले" असे म्हणतो. परंतु खवटपणा दोन प्रकारचा असतो आणि दोहोंचे उपाय निराळे आहेत.

पहिला प्रकार पाण्यामुळे होतो. तेलात ओल राहिली म्हणजे तेलाचे विघटन होऊन त्यातील आम्ले मोकळी होतात. खोबरेल तेलाच्या बाबतीत अशा वेळी साबणासारखा किंवा आंबूस वास येतो. शुद्ध कोरड्या तेलात जंतू व बुरशी वाढत नाहीत. मात्र पाण्याचा थेंब आणि त्यात वनस्पतीचा गाळ मिळाला की त्या थेंबातच त्यांची वाढ सुरू होते.

दुसरा प्रकार हवा, उजेड व उष्णता यांच्यामुळे होतो. तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून त्यास जुनाट, रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येतो. करडई व सूर्यफूल यांची तेले या प्रकारे लवकर बिघडतात. तिळाच्या तेलात निसर्गतःच संरक्षक द्रव्ये असल्याने ते अधिक टिकते. खोबरेल तेल तर या बाबतीत सर्वांत चिवट आहे. म्हणून खोबरेल तेलास थोड्याच दिवसांत वास आला तर प्रथम संशय पाण्याचा घ्यावा, हवेचा नंतर.

हवेमुळे होणारा बिघाड टाळण्यासाठी बाटली गळ्यापर्यंत भरावी, गडद रंगाची वापरावी आणि चुलीपासून दूर अंधाऱ्या फडताळात ठेवावी. तांबे व लोखंड यांच्या संसर्गाने तेल लवकर खवट होते. सबब तेल आटविण्यास व साठविण्यास स्टीलचे भांडे घेणे श्रेयस्कर. लोखंडी कढईत आवळा घातल्यास तेल काळेभोर होते. हा रंग लोखंड व आवळ्यातील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने येतो. त्यावरून तेलाचा गुण वाढला असे समजू नये.

माल घेतानाची दक्षता

तेल घाण्याचे असो वा गिरणीचे, ते ज्या खोबऱ्यापासून निघाले ते चांगले वाळलेले असावे लागते. ताज्या नारळाच्या गरात सुमारे निम्मे पाणी असते. ते वाळवून शेकडा ६ च्या आसपास आणल्यावरच खोबरे घाण्यात घालण्याजोगे होते. चांगली वाळलेली खोबरवाटी मोडताना कट्कन आवाज करते. ओली वाटी नुसतीच वाकते. हिरवी-पिवळी बुरशी धरलेल्या खोबऱ्याचे तेल तपकिरी व आरंभापासूनच आंबट असते. ते कितीही आटविले तरी सुधारत नाही.

माका, जास्वंद, ब्राह्मी इत्यादी पाला ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले असेल तेथून घेऊ नये. सांडपाण्याच्या नाल्यातील माकाही वर्ज्य करावा. पाला दोन-तीन पाण्यांनी धुऊन फडक्यावर निथळत ठेवावा आणि वरचे पाणी सुकल्यावरच वाटण्यास घ्यावा.

तेल सिद्ध करण्याची रीत व पाक ओळखण्याच्या खुणा

आयुर्वेदाच्या शार्ङ्गधरसंहितेत तेल सिद्ध करण्याचे सर्वसाधारण प्रमाण कल्क १ भाग, तेल ४ भाग व द्रव १६ भाग असे दिले आहे. म्हणजे १ लिटर तेलास सुमारे पाव किलो वाटलेला पाला आणि ४ लिटर रस अथवा काढा. हे सर्व पाणी आटवून टाकावयाचे असते, हे ध्यानात घ्यावे. नवशिक्या भगिनींनी प्रथम पाव लिटर तेलावर हात बसवावा आणि मगच मोठा घाणा घ्यावा.

कढई निम्म्यापेक्षा अधिक भरू नये, कारण फेस वर येतो. आच मंद ठेवावी व कल्क तळाशी लागू नये म्हणून उलथन्याने सारखे ढवळावे. पाक झाला की नाही हे ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत :

१) पाणी असेतोवर तेलात चुरचुर आवाज व मोठे बुडबुडे येत राहतात. पाणी संपत आले की आवाज बंद होतो आणि अखेरीस तेलावर बारीक फेस दिसतो.

२) उलथन्यावरील थोडा कल्क निववून बोटांत वळावा. त्याची वात सहज वळली पाहिजे. चिकट लगदा राहिल्यास पाक कच्चा आहे. वात न वळता कोरडा चुरा झाल्यास पाक पुढे गेला.

३) ही वात कढईपासून दूर नेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरावी. तडतड झाली तर आत पाणी आहे. शांतपणे जळाली तर पाणी गेले. जुन्या वैद्यकाने सांगितलेली ही कसोटी आजही तितकीच भरवशाची आहे.

४) ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा उष्णतामापक असेल त्यांनी तो वापरावा. पाणी आहे तोवर तेलाची उष्णता १०० अंश सेल्सियसच्या आसपास रेंगाळते. पाणी संपताच ती भराभर चढू लागते. ११० अंशांच्या पुढे चढताच कढई उतरवावी.

येथे एक गंभीर सूचना देणे जरूर आहे. तापलेल्या तेलात ओला पाला किंवा पाणी कदापि टाकू नये, तेल उसळून अंगावर येते. तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. शेगडी बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे. कढईजवळ मुलांना फिरकू देऊ नये.

उतरविलेले तेल कोमट असतानाच कोरड्या स्वच्छ फडक्यातून गाळावे. फडके पिळताना कल्कातील चिकट अंश तेलात उतरतो. सबब पहिला निथळ वेगळा ठेवावा व पिळून निघालेले तेल घरी लवकर वापरावे. गाळलेले तेल झाकून दोन दिवस स्थिर ठेवावे आणि तळाचा साका न हलविता वरचे नितळ तेल बाटल्यांत भरावे. सुगंधी द्रव्य घालावयाचे असल्यास तेल निवल्यावर घालावे, अन्यथा सुवास वाफेबरोबर उडून जातो. लहान मुलांच्या तेलात कापूर मुळीच घालू नये. तो त्वचेतून शोषला जाऊन मुलांना अपाय करतो.

पुष्कळ घरी तेल न तापविता, ताजी पाने-फुले तेलात टाकून बरणी उन्हात ठेवण्याची रीत आहे. ताज्या पाला-फुलांचा बहुतांश भाग पाणीच असल्याने अशा बरणीत हमखास बुरशी येते. ही रीत अवलंबावयाची तर पाला सावलीत कुरकुरीत वाळवून घ्यावा आणि तो तेलात पूर्ण बुडालेला राहील असे पाहावे.

तेलातील दोष कसा ओळखावा

गढूळपणा दिसला की घाबरून जाऊ नये. त्याची तीन कारणे असू शकतात. खोबरेल तेल २४ ते २५ अंश सेल्सियसखाली गोठू लागते. थंडीत ते पांढरे व घट्ट होणे हा दोष नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवल्यावर तेल स्वच्छ झाले तर ते निर्दोष समजावे. तेल पातळ झाल्यावरही तळाशी अपारदर्शक, विस्कळीत गाळ दिसला तर तो पाल्याचा अंश होय. पुन्हा गाळून घेतल्यास काम भागते. मात्र तळाशी वाटोळे, चकचकीत, घरंगळणारे थेंब दिसले अथवा सर्व तेल धुकट राहिले, तर ते पाणी होय.

पाणी असून वास बिघडलेला नसेल तर तेल वाचविता येते. वरचे तेल हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे, तळाचे पाणी टाकून द्यावे. तेल थंड असतानाच पसरट भांड्यात घालून मंद आचेवर चढवावे व चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत तापवावे. निवल्यावर गाळून कोरड्या बाटलीत भरावे. परंतु वास आंबट झाला असेल किंवा बुरशी दिसली असेल तर ते तेल केसांना लावू नये, मग बुरशी काढून टाकलेली का असेना. अत्तर घालून वास झाकणे म्हणजे आपलीच फसवणूक होय.

बाटल्यांविषयी नियम सोपा आहे. धुतलेली बाटली उपडी करून निथळावी, मग उन्हात दोन दिवस आडवी ठेवावी. भरण्यापूर्वी बाटली बूच लावून तासभर उन्हात ठेवावी. आतील बाजूस दव जमले तर ती अजून ओली आहे. बूच व झाकणाच्या आट्याही कोरड्या असाव्यात. न्हाणीघरात बाटली उघडी ठेवून ओल्या हाताने तेल घेण्याची सवय अनेक घरी आहे. त्यासाठी लहान वाटीत तेल ओतून घ्यावे आणि वाटीतील उरलेले तेल पुन्हा बाटलीत टाकू नये.

शिकेकाई

शिकेकाई व रिठा यांत साबणासारखा फेस देणारे नैसर्गिक द्रव्य असते. विहिरीच्या जड पाण्यात साबण वापरला तर पाण्यातील चुन्याच्या क्षारांशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. केस चिकट व निस्तेज राहिल्याची तक्रार पुष्कळदा यामुळेच असते. शिकेकाई-रिठ्याच्या काढ्याने असा साका धरत नाही. त्यामुळे जड पाण्याच्या गावी तो अधिक उपयोगी पडतो.

शिकेकाई ४ भाग, बी काढलेला रिठा १ भाग व आवळकाठी १ भाग हे प्रमाण आरंभी घेण्यास योग्य आहे. नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरील उपाय असे :

केस कोरडे व राठ होणे : रिठा अधिक झाला. तो निम्मा करावा.

फेस न येणे व तेलकटपणा न जाणे : न्हाण्याआधी तेल फार थापले गेले असावे. तेल कमी लावावे व काढा दोनदा लावून धुवावे. त्याऐवजी खाण्याचा सोडा मिसळण्याचा मोह टाळावा. सोडा अल्कधर्मी असल्याने केस खडबडीत होतात.

केसांत भुकटी अडकून राहणे : भुकटी थेट डोक्यावर चोळल्याने असे होते. ती रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून नुसता काढा वापरावा.

डोळे चुरचुरणे : शिकेकाई व रिठा दोन्ही डोळ्यांस झोंबतात. मान मागे करून काढा ओतावा. डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि लाली न ओसरल्यास डॉक्टरांना दाखवावे.

काढा आंबणे : काढा म्हणजे जवळजवळ सर्व पाणीच. तो एका दिवसापेक्षा अधिक ठेवू नये. बाटलीत भरून साठविण्याचा प्रयत्न करू नये. साठवावयाची ती कोरडी भुकटी.

उटणे

उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल अशा अनेक वस्तू पडतात आणि प्रत्येकीची वाळण्याची गती निराळी असते. सर्व एकत्र वाळविल्यास पाकळ्या जळून जातात आणि आंबेहळदीचा गाभा ओलाच राहतो. पुढे हीच ओल साऱ्या डब्यात पसरते. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळी वाळवावी. मुळे व साली उन्हात, पाकळ्या सावलीत. आंबेहळदीचे काप पातळ करावेत व ते कट्कन मोडेपर्यंत वाळवावेत.

दळून झालेले उटणे गरम असतानाच पिशवीत भरण्याची घाई करू नये. आतली वाफ निवून पाणी होते. परातीत पसरून पूर्ण निववावे, मग त्यातील दोन चमचे उटणे काचेच्या कोरड्या बाटलीत घालून, बूच लावून बाटली दोन तास उन्हात व नंतर सावलीत ठेवावी. काचेच्या आत धुके किंवा थेंब दिसले तर सर्व उटणे पुन्हा वाळवावे. काच स्वच्छ राहिली तरच ते भरण्यास योग्य समजावे. या कसोटीस खर्च काहीच नाही आणि तिने सबंध हंगामाचा माल वाचू शकतो.

उटणे अंगाला खरबरीत लागत असेल तर ते वस्त्रगाळ करावे. जाड कणांनी त्वचेवर ओरखडे पडतात व मग आग होते. चाळताना नाकातोंडावर फडके बांधावे. गुठळ्या, जाळी किंवा कुबट वास आलेले उटणे चाळून पुन्हा वापरू नये. दूध, दही अथवा गुलाबपाणी हे आयत्या वेळीच मिसळावे व उरलेला लेप टाकून द्यावा. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात जाणे टाळावे. त्यामुळे कातडीवर चट्टे व फोड येऊ शकतात.

कोरफड व जवसाचा चिक्कट रस

अलीकडे कोरफडीचा गर व जवस उकळून काढलेला चिक्कट रस केसांना लावण्याची आवड वाढली आहे. हे दोन्ही पदार्थ मुख्यतः पाण्याचेच असल्यामुळे सर्वांत लवकर बिघडतात. विशेष म्हणजे त्यांचा बिघाड आरंभी डोळ्यांस दिसत नाही. रस नितळ असूनही त्यात जंतूंची वाढ झालेली असू शकते. शीतकपाटात ठेवला तरी आठवड्याच्या आत संपवावा. बाहेर तो एक दिवसही ठेवू नये. ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातल्याने तो टिकतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. हे जीवनसत्त्व तेलाचा खवटपणा लांबविते, जंतूंना अटकाव करीत नाही.

कोरफडीचे पान कापल्यावर ते अर्धा तास उभे ठेवून पिवळा चीक गळू द्यावा व गर पाण्याने धुऊन घ्यावा. कोरफडीने खाज सुटली अशी तक्रार करणाऱ्यांनी पुष्कळदा हा चीक काढलेला नसतो.

भेगांसाठी मलम

हिवाळ्यात ओठ व टाचा फुटतात, त्यासाठी पाणीविरहित मलम उत्तम. मेण १ भाग व तेल ४ भाग एकत्र वितळवून केलेले मलम कोरडे असल्याने बराच काळ टिकते. कोकणात व गोव्यात यासाठी कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजे भिरंडेल, वापरण्याची जुनी चाल आहे. असे मलम रवाळ झाले तर ते सावकाश निवल्याचे लक्षण होय. ते पुन्हा पूर्ण वितळवून, भांडे गार पाण्यात ठेवून ढवळत लवकर निववावे. यात गुलाबपाणी किंवा कोरफड घालू नये. मेण व पाणी आपोआप एकजीव होत नाहीत. पाणी वेगळे होऊन तेथेच बुरशी धरते.

वापरण्यापूर्वीची परीक्षा

वनस्पतीजन्य वस्तू प्रत्येकाला मानवतेच असे नाही. नवीन तेल किंवा लेप कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज अथवा पुरळ आल्यास तो वापरू नये. केस झटपट काळे करणाऱ्या "काळ्या मेंदी"विषयी विशेष सावध असावे. मेंदीच्या पानाचा रंग मुळात तांबूस-नारिंगी असतो. घटकाभरात काळा रंग देणाऱ्या भुकटीत बहुधा रासायनिक रंग मिसळलेला असतो व त्याने काही लोकांना तीव्र त्रास होतो.

विक्रीचा विचार असल्यास

घरापुरते करणे वेगळे आणि विकणे वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करावयाची असल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात त्याबाबत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करावी. आयुर्वेदिक औषध म्हणून विकावयाचे असल्यास परवाना निराळा असतो.

लेबलावर टक्कल बरे होते, पांढरे केस काळे होतात असे दावे करू नयेत. खरा गुण सांगितला तरी तो पुरेसा आहे. मुंबईतील संशोधक रेले व मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलामुळे केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे आढळून आले. सूर्यफूल तेल व खनिज तेल यांत हा गुण दिसला नाही. म्हणजे पाल्याइतकेच, किंबहुना अधिकच, लक्ष मूळ तेलाच्या चांगुलपणाकडे दिले पाहिजे.

प्रत्येक घाण्याची नोंद वहीत ठेवावी. तारीख, तेल कोठून आणले, पाला किती, कढई उतरविण्याची वेळ, बाटल्या कधी धुतल्या व भरल्या इतके लिहिले तरी पुरे. तसेच प्रत्येक घाण्याची एक बाटली न वापरता बाजूस ठेवावी. तक्रार आल्यावर हीच बाटली खरा साक्षीदार ठरते.

आरंभी सांगितलेल्या गटाकडे नोंदही नव्हती आणि राखलेली बाटलीही नव्हती. त्यामुळेच एकमेकींवर बोट दाखविण्याची वेळ आली. थेंब डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र वाद आपोआप मिटला. परत आलेल्या बाटल्यांपैकी ज्यांचा वास चांगला होता त्या रिकाम्या करून ते तेल पुन्हा आटविले. उरलेले तेल देवळाच्या दिव्यांसाठी दिले. पुढचा घाणा केवळ दोन लिटरचा घेतला, वातीची कसोटी पाहिली, बाटल्या दोन दिवस उन्हात वाळविल्या आणि एक बाटली फडताळात जपून ठेवली. पावसाळा उलटल्यावर ती उघडली, तेव्हा तेलाला माक्याचाच वास होता. परवान्याच्या अर्जाचा विषय गटाच्या पुढील बैठकीत पुन्हा निघाला.

ज्या भगिनींचे तेल वा उटणे यंदा बिघडले असेल त्यांनी निराश होऊ नये. बिघडलेली बाटली फेकण्यापूर्वी ती उन्हात ठेवून, कलती करून, तळाशी काय दिसते ते एकदा नीट पाहावे. पुढच्या खेपेस काय करावयाचे याचे उत्तर बहुधा तेथेच सापडेल.